दातांच्या खुर्चीवरचा दगड

तिला सगळे टिचकीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाठ वळली की म्हणत. पण तिच्या पाठीलाही कान होते. ती सावकाश वळून म्हणणाऱ्याकडे अशी बघे की आपल्या शर्टाचं बटण उघडं राहिलंय की काय, म्हणून तो बिचारा छाती चाचपून पाही.

नाव पडलं ते सवयीवरून. समोर काहीही आलं की उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्याला टिचकी मारायची. फरशीला, कपबशीला, शेजाऱ्यांच्या नव्या दाराला. एकदा तर नवऱ्याच्या मित्राच्या हेल्मेटला मारली, तेव्हा ते त्याच्या डोक्यावर होतं. टिचकी मारायची, कान द्यायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. "पोकळ." "कच्चं." "वरून बरं." यातला तिसरा निकाल सगळ्यात वाईट, आणि जगातल्या बहुतेक वस्तू आणि जवळजवळ सगळी माणसं तिच्या लेखी वरूनच बरी होती.

बाईचा धंदा दगड बनवायचा. फोडायचा नव्हे, बनवायचा. पांढरं सिमेंट, संगमरवराची बारीक खडी, चिमूटभर रंग आणि पाणी असं कालवून साच्यात ओतायचं, घट्ट झालं की हौदातल्या पाण्यात आठ दिवस मुरवायचं, मग मशीनवर घासून घासून असं गुळगुळीत करायचं की गिऱ्हाइकाने हात फिरवत विचारावं, "कुठल्या खाणीतला हो?"

"खाण तुमच्यासमोर उभी आहे," ती म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं. ती हसत नसे. गिऱ्हाइकांबरोबर हसलं की ती लाडात येतात, असं तिचं मत.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासऱ्यांचा फरश्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्यात खोकणारी पाच माणसं. सासूने नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवलं. सुनेने ते डब्यांसकट बघून घेतलं आणि म्हणाली, "हे कळलं. शेड कुठेय?" दोन वर्षं ती कोपऱ्यात उभी राहून नुसती बघत होती. तिसऱ्या वर्षी एका सकाळी सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही खडी न धुता टाकता, म्हणून फरशीला ढग येतात." सासरे तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आपली थापी तिच्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीवर बसले ते शेवटपर्यंत बसूनच राहिले. फरश्यांचा जमाना गेला, सासरे गेले, खोकणारी माणसं गेली. टिचकीबाई राहिली, आणि फरश्यांऐवजी टेबलांचे टॉप ओतू लागली.

नवरा होता. पॉलिशचं मशीन तो चालवायचा. त्या मशीनच्या घरघरीत त्याची वीस वर्षं गेली होती आणि घरघर थांबल्यावरही आपण काही बोलायचं असतं हे तो विसरून गेला होता. त्याच्याबद्दल तिची तक्रार नव्हती. "ह्यांचं काय, मशीनला एक बटण आहे, ह्यांना तेही नाही," एवढंच ती म्हणायची.

तक्रार होती ती दिराबद्दल.

धाकटा दीर वेल्डर. शेडच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात त्याचं मशीन आणि भंगारातून गोळा केलेले तऱ्हेतऱ्हेचे लोखंडी पाय: जुन्या शिलाई मशीनचे, मोडक्या वजनकाट्याचे, बंद पडलेल्या छापखान्यातल्या कुठल्याशा यंत्राचे. मागच्या अर्ध्या भागात हिचे साचे, खडीची पोती आणि दोन हौद, एक मोठा आणि एक धाकटा. तो पाय आणायचा, ही वर टॉप बसवायची. टॉप ओला असतानाच ती त्याच्या पोटात चार बोल्ट रोवायची. सुकला की बोल्ट दगडातच जन्मल्यासारखे घट्ट. मग पायाच्या प्लेटमधून ते बाहेर काढायचे आणि खालून नट आवळायचे. ना गोंद, ना खिळा.

दिराचा स्वभाव असा की तो चिडतच नसे. शीळ घालायचा. बाईला त्याच्या शिळेचा जेवढा राग होता तेवढा चोराचाही नसेल.

"भावजी, हे वेल्डिंग आहे की कावळ्याने उडता उडता काही टाकलंय?"

"कावळाच, वहिनी. पण आपला ओळखीचा."

आणि शीळ.

तर या दिराने एक दिवस टेम्पोतून काही पाट्या उतरवल्या. बोटभरसुद्धा जाड नाहीत, पण वरून हुबेहूब दगड: पांढऱ्यावर राखाडी शिरा, कडेला चमक. बाई आली, टिचकी मारली. आवाज 'टप्प' असा आला.

"हे काय?"

"दगड. म्हणजे दगडासारखं. कारखान्यातून तयारच येतं. पायावर गोंदाची नळी पिळायची, वर ही ठेवायची, अर्ध्या तासात टेबल. ना हौद, ना आठ दिवस."

"हा दगड नाही. दगडाचा फोटो आहे."

"तुमचा तरी कुठे खरा आहे, वहिनी? आपलं घर तीन पिढ्या खोटा दगडच बनवतंय."

नवऱ्याने मशीन बंद केलं, हे त्याच्याकडून झालेलं त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं भाषण.

"खोटा नाही. बनवलेला," बाई एकेक अक्षर मोजून म्हणाली. "तुम्हालाही आईवडिलांनी बनवलंच ना, म्हणून काय तुम्ही खोटे झालात?" मग थोडा विचार करून म्हणाली, "जाऊ दे. उदाहरण चुकलं."

पण दीर या वेळी शीळ घालत नव्हता. "वहिनी, मला पाट्या ठेवायला जागा हवी. हे दोन हौद बुजवले तर मागची सगळी भिंत मिळते."

हौद बुजवायचे म्हणजे ओतकाम संपलं. पाण्यात मुरल्याशिवाय तो माल नुसता चुरा असतो. हे दिराला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि तरीही नवरा जमिनीकडे बघत होता. बाईला कळलं की हे दोघांचं आधीच बोलणं झालेलं आहे. 'न बोलणारा माणूस नेमका इथे बोलला,' तिच्या मनात आलं, आणि तिने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की त्याने पुन्हा मशीन चालू केलं. मशीनखाली घासायला काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर आले.

डॉक्टरांनी दवाखाना मुलीच्या हवाली केला होता. मुलीने पहिल्या दिवशी जुनी खुर्ची बाहेर काढली. गादी फाटलेली, पाठ मोडलेली, पण खालचा पाय शाबूत. तळाशी बिडाची जाडजूड बैठक, तिच्यातून वर आलेला पोलादी खांब आणि खांबाच्या माथ्यावर चार भोकांची प्लेट. डॉक्टरांना त्यावर गोल टॉप हवा होता, घरी वाचायला बसण्यासाठी.

"या खुर्चीवर माझं सगळं आयुष्य गेलं," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं कशानं? तुम्ही उभे होतात. आयुष्य आमचं गेलं हिच्यावर," बाई म्हणाली. तिची अक्कलदाढ याच खुर्चीत निघाली होती आणि तो दुपारचा तास ती विसरली नव्हती. बत्तीस दातांवर दोनमजली बंगला बांधणाऱ्या माणसाबद्दल तिला आदर वाटणं शक्यच नव्हतं.

दीर पुढे झाला. "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे नवीन पाटी आलीय. हलकी. उद्या नेता येईल."

"भावजी." बाईने हात वर केला. "हौद हवेत ना तुम्हाला? ठरवून टाकू. हे टेबल मी ओतते. बोल्टवर, बिनगोंदाचं. दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी डॉक्टर येतील, बसतील, रेटून बघतील. पसंत पडलं तर हौदांचं नाव परत काढायचं नाही. काही बिनसलं तर त्याच संध्याकाळी घमेलं घेऊन मी स्वतः बुजवीन."

"दादा?" दिराने भावाकडे पाहिलं.

दादाने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की मशीनच्या कंपाने हलली, कुणी विचारलं नाही. ठरलं.

सोमवारी बाईने फर्मा काढला. फर्मा म्हणजे भोकांचा कागदी नकाशा: प्लेटवर कागद पसरायचा, तळहाताने दाबायचा, तेलकट भोकांच्या कडा कागदावर उमटतात. त्या प्लेटची एक खोड होती. तीन भोकं कोपऱ्यांत आणि चौथं कोपरा सोडून एका कडेने सरकलेलं. तिथून कधीकाळी खुर्ची वरखाली करायचा दांडा जात असावा. बाईने ते पाहिलं आणि तिथे बोट टेकवून म्हणाली, "डॉक्टरांसारखीच. तीन सरळ, एक तिरपं."

मंगळवारी ओतकाम. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टॉप पालथा ओततात. साच्याच्या तळाला काच असते. जो भाग काचेला टेकतो तो पुढे टेबलाचा चेहरा होतो, आणि ओतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं ते टेबलाचं पोट. बोल्ट पोटात रोवायचे. सासरे फर्मा ठेवताना कागद नेहमी पालथा घालायचे. "का?" तिने एकदा विचारलं होतं. "घालायचा," ते म्हणाले होते. अशा उत्तराची बाईच्या लेखी कवडीची किंमत नव्हती. पुढे स्वतःच्या हाताने काम करू लागल्यावर तिने कागद पालथा घातला, सरळ घातला, दोन्ही करून पाहिलं. सगळे पाय चार सारख्या भोकांचे. काहीही करा, बोल्ट बरोबर बसायचे. म्हाताऱ्याचं खूळ, असं ठरवून तिने ते सोडून दिलं होतं.

माल ओतला. साच्याच्या कडा हातोडीने ठोकून आतली हवा बाहेर काढली. वर जाळी, जाळीवर पुन्हा माल, थापीने सपाट. मग कागद ठेवला, सरळ.

दीर पलीकडून बघत होता. "वहिनी, बाबा कागद पालथा घालायचे."

"बाबा साच्याला नमस्कारही करायचे. तोही करू?"

"तसं नाही, पण ह्या प्लेटला ते एक भोक..."

"भावजी. तुमच्या फोटोवर लक्ष द्या. धूळ बसतेय."

बाईने बोल्ट रोवले, गुण्या लावून सरळ केले, आणि ओल्या मालावर गोणपाट टाकून हात धुतले. मोठ्या समाधानाने धुतले. नखांतसुद्धा काही राहू दिलं नाही.

गुरुवारी टॉप साच्यातून सुटला. आठ दिवस मोठ्या हौदात मुरला. त्यानंतरच्या शुक्रवारी नवऱ्याने घासला, आणि खडीचे दाणे एकेक करून डोळे उघडावेत तसे वर आले, काळे, पांढरे, मधूनच एखादा विटकरी. टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर जोडणी.

फरशीवर जुनी चादर अंथरून टॉप पालथा ठेवला. साठेक किलोचा, तिघांनी मिळून. मग दोघा भावांनी खुर्चीचा पाय उलटा उचलला आणि बोल्टांवर उतरवू लागले. बाई गुडघ्यांवर बसून वाट दाखवत होती.

"डावीकडे. अजून. तुमच्या डावीकडे नव्हे, माझ्या. हं. सोडा."

एक बोल्ट गेला. दुसरा गेला. बाकीचे दोन प्लेटच्या खाली तसेच उभे.

"फिरवा."

फिरवला. तीन गेले, एक नाही.

"अजून फिरवा."

एकच गेला.

"अहो, नीट धरा! भावजी, हलवू नका!"

"धरलंय, वहिनी. पण हा पाय काय फुलदाणी नाही."

चारी बाजूंनी फिरवून झालं. नवऱ्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. शेवटी पाय बाजूला आडवा ठेवला आणि तिघं त्या चार बोल्टांकडे बघत उभे राहिले. तीन सरळ, एक तिरपा. तिरपा होता, पण नको त्या अंगाला. आरशात पाहिल्यासारखा.

बाईला कळलं. आधी सासऱ्यांचा राग आला: मेल्या माणसाला 'का' सांगायला काय झालं होतं? "टॉप उलटा असतो म्हणून नकाशाही उलटा," एवढी पाच-सहा शब्दांची गोष्ट! मग डॉक्टरांचा आला, असली वाकडी खुर्ची ठेवल्याबद्दल. नवऱ्याचा तर येतच होता. एकेकाला मनातून जोडे मारून झाले, तरी बोल्ट जिथल्या तिथेच.

"कापून टाकू बोल्ट," नवरा म्हणाला. "गोंद लावू."

"तुम्ही आज वर्षाचा कोटा संपवताय का बोलायचा?"

दिराने शीळही घातली नाही. तो आपल्या भागात गेला, उलट्या डब्यावर बसला आणि चहा ओतून घेतला. नव्याने टॉप ओतायचा तर पुन्हा दहा-अकरा दिवस. डॉक्टर उद्या सकाळी दहाला.

बाईने प्लेट हाताने चाचपली. प्लेट सपाट, दोन्ही अंगांनी सारखी. खांबाला वेल्डिंगने धरलेली. हीच प्लेट कापून काढली, पालथी केली आणि पुन्हा खांबावर बसवली, तर भोकंही उलटी होतील. बोल्ट बरोबर बसतील. उपाय होता. समोर सहा पावलांवर बसून चहा पीत होता.

ती सहा पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. मधे तिने झाडू उचलून जागेवर ठेवला, नळ घट्ट केला, एका पोत्याला लाथ मारली.

"भावजी."

"बोला."

"ती प्लेट काढून उलटी बसवायचीय. तुम्हाला जमणार नाही, म्हणून विचारतेय. नाही म्हणालात की मी मोकळी."

दिराने चहाचा घोट घेतला. "हा डाव जुना झाला, वहिनी. पाण्याची टाकी माझ्याकडून अशीच चढवून घेतली होतीत. गच्चीचा जिनाही."

"मग? येतं की नाही?"

"येतं. पण मी का करू? टेबल उभं राहिलं तर हौद तुमचे. पडलं तर भिंत माझी. मी काय येडा?"

या प्रश्नावर एरवी तिच्याकडे निदान पाच उत्तरं तयार असती, एकाहून एक झोंबणारी. आज तिने ती सगळी गिळून टाकली. शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. त्यांचासुद्धा तिला राग आला.

"कागद पालथा घालायला हवा होता," ती म्हणाली. पोत्याकडे बघून म्हणाली. "तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही. चुकलं."

दिराने कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"दादा! ऐकलंस का? दादा, मशीन बंद कर!"

"मशीन बंदच आहे," दादा म्हणाला.

"एकदा परत म्हणा ना, वहिनी."

"एकदाच असतं ते. उठता की बसताय?"

दीर उठला. उठताना त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते पाहून तिला वाटलं, यापेक्षा दोन्ही हौद आपल्या हाताने बुजवले असते तर परवडलं असतं. "हौदांचं काय, ते कधीही बुजवता येतील," तो हातमोजे चढवत म्हणाला. "अठरा वर्षं मी या एका वाक्यासाठी थांबलो होतो. हे परत मिळायचं नाही."

"मिळणारच नाही."

"तेच म्हणतोय मी."

मग त्याने काम केलं. बाईने ते पहिल्यांदाच धड पाहिलं. एरवी त्याचं मशीन सुरू झालं की ती पाठ करून बसायची, ठिणग्यांचं निमित्त सांगून. आधी त्याने खडूने खांबावर आणि प्लेटवर जुळत्या खुणा केल्या. कटरने जुना जोड कड धरून असा कापला की प्लेटला ओरखडा नाही. "खांब पोलादाचा आहे म्हणून बरं," तो म्हणाला. "खालच्यासारखा बिडाचा असता तर माझ्या बापालाही जमलं नसतं." प्लेट पालथी केली, कडा घासल्या, खांबावर गुण्या लावून चार ठिकाणी नुसते टाके मारले. तेवढ्यावर थांबला.

"आता आणा पाय. आधी बसवून बघू. पक्कं नंतर."

पाय उलटा उचलला, बोल्टांवर उतरवला. चारही बोल्ट कुणी बोलावल्यासारखे वर आले.

पुन्हा पाय उचलून लांब नेला. दगडाजवळ ठिणगी नको, हे बाई सांगणार होती. त्याने सांगायची वेळच आणली नाही. पक्कं वेल्डिंग केलं. निळा उजेड थांबल्यावर आणि लोखंड निवल्यावर त्याने हातोडीच्या टोकाने वरचं कवच पाडलं, तेव्हा खालून जोड दिसला. एकावर एक सरकवून ठेवलेल्या नाण्यांच्या ओळीसारखा, खांबाभोवती सलग, एकसारखा.

बाई वाकली. टिचकी मारली.

"हं?" दीर म्हणाला.

"हं काय? लागलंय."

"एवढंच?"

"मग काय तोंडभर कौतुक करत बसू? भावजी, उभं राहायचंय ते उद्या. रबरी वायसर कुठे ठेवलेत तुम्ही?"

दगड आणि प्लेट यांच्यात रबरी वायसर घातले आणि नट तिने स्वतः आवळले. एक एकदम आवळायचा नाही. थोडा हा, थोडा समोरचा, मग बाजूचा, पुन्हा पहिला. दगडाला घाई सोसत नाही. मग तिघांनी टेबल उभं केलं. लेव्हलची बाटली ठेवली. बुडबुडा मधोमध जाऊन बसला आणि हलेना.

रविवारी डॉक्टर दहाला पाच कमी असताना आले. त्यांनी आधी खुर्ची मागितली, बसले, दोन्ही कोपर कडेवर टेकवून पुढे रेलले. मग उठून सगळं वजन एका कडेवर टाकलं. टेबल ढिम्म. डॉक्टरांनी वर हात फिरवला, "वा!" म्हणाले. बाईने तो 'वा' पाहुण्याने पायपुसणं तुडवावं इतक्याच महत्त्वाने घेतला.

पण दातांचा माणूस. वरून बघून त्याचं समाधान होत नाही. डॉक्टरांनी खिशातून छोटा टॉर्च काढला आणि गुडघ्यावर बसून टेबलाखाली डोकं घातलं.

"हे काय? इथला जोड नवा दिसतोय. माझ्या खुर्चीला नव्हता असा."

शेडमध्ये तिघं होती. नवरा छताकडे बघत होता. दिराने तोंड उघडलं आणि बाईच्या लक्षात आलं की तो काहीतरी चांगलं सांगणार आहे: मजबुतीसाठी केलं, जुना जोड गंजला होता, असं काहीतरी. तो तिला वाचवणार होता. दिराने वाचवलेली बाई म्हणून आयुष्यभर या शेडमध्ये फिरायचं, या नुसत्या कल्पनेनेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी बोल्ट उलटे रोवले," ती म्हणाली. "चूक माझी. यांनी प्लेट कापून उलटी केली. जोड यांचा."

डॉक्टर टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी टॉर्च विझवला. "उलटे म्हणजे, उजवीकडचं डावीकडे?"

"तसंच."

"मी एकदा दाढ काढली होती तशी. डावी काढायची होती. समोरच्याची डावी ती आपली उजवी, हे डोक्यात होतं, पण त्या दिवशी डोकं जागेवर नव्हतं." ते उगाच हसले. "अजून हयात आहेत ते गृहस्थ. भेटले की मी रस्ता ओलांडतो."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"तीस वर्षं झाली आता."

बाईने डॉक्टरांकडे पाहिलं. तीस वर्षं! आणि आपण एका दिवसाच्या आत, भर शेडमध्ये, गिऱ्हाइकासमोर. त्या माणसाबद्दल तिला जेवढा थोडाफार संकोच शिल्लक होता तोही गेला. "घरी एकदा ठेवलं की टेबल दोन दिवस हलवू नका," ती म्हणाली. "आणि वर गरम भांडं ठेवू नका. तुमच्याकडून होण्यासारखं आहे, म्हणून सांगते."

टेबल टेम्पोत चढलं, डॉक्टर गेले. शेडमध्ये मोकळा गोल उरला, जिथे चादर होती तिथे. दिराने शीळ सुरू केली, मग बाईकडे बघून थांबवली.

"ठरल्याप्रमाणे हौद तुमचे, वहिनी. मी काही म्हणत नाही."

"तुम्ही काही म्हणू नकाच." ती दोन्ही हौदांच्या मधे उभी होती, कमरेवर हात. मोठ्यात दुसऱ्या कुणाचा टॉप मुरत होता. धाकट्यात नुसतंच पाणी, त्यात एक पान. खरं तर गेलं वर्षभर त्यात काही पडलंच नव्हतं. हे तिने आजवर कबूल केलं नव्हतं, आणि आताही मोठ्याने करणार नव्हती. "धाकटा बुजवा."

"काय?"

"कान फुटले का वेल्डिंगने? धाकटा बुजवा म्हटलं. उपकार घेऊन झोप लागत नाही मला. तिथे तुमच्या त्या पाट्या लावा. उभ्या. आडव्या ठेवल्यात तर माझ्या वाटेत येतील."

"उभ्या वाकतात, वहिनी. पातळ आहेत. मोठा हौद दिलात तर आडव्या ऐसपैस..."

"मोठ्यात मी तुम्हाला आडवं करीन."

"बरं, बरं. धाकटा." दीर वाकून हौदाची कड वितीने मोजू लागला. "सात फूट आहे."

"साडेसहा. त्या खांबापासून अर्धा फूट माझं घमेलं राहतं. आणि उद्याच सुरू करा. मी गेल्यावर नको. कसं बुजवता ते मला बघायचंय. तुमच्यावर सोडलं तर खाली पोकळी ठेवाल."

नवऱ्याने मशीन चालू केलं.